आधी ठोकलेल्या गाडीला एक्सटेंडेड वॉरंटी मिळते का? आणि मिळाली तरी क्लेम पास होतो का?

निळी_हॅचबॅक

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. सेकंड हँड ऑटोमॅटिक घेतलीय. घेतानाच विकणाऱ्याने सांगितलं होतं की पुढून डाव्या अंगाला एकदा चांगलीच ठोकलीय, लपवाछपवी काही नव्हती, त्या हिशोबानेच भाव पाडून मिळाला. रिपेअर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच झालंय म्हणाला आणि बिलाची झेरॉक्स दिली, त्यात बंपर, बॉनेट, डावं फेंडर, हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि डाव्या पुढच्या चाकाचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) एवढं बदललेलं दिसतंय. एअरबॅग उघडल्या नव्हत्या म्हणे. गाडी आत्ता तरी मस्त चालते, एका बाजूला ओढत नाही, खडखड नाही काही नाही.

आता कंपनीची मूळ वॉरंटी संपत आलीय. मला मुख्य धास्ती गिअरबॉक्सची आहे, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला की खिसा रिकामा होतो असं सगळे सांगतात, म्हणून एक्सटेंडेड घ्यावी म्हणतोय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात आधी इन्स्पेक्शन करू मग देता येईल का ते सांगू. दुसरीकडे एक बाहेरची कंपनी फोन करून करून डोकं खातेय, त्यांचं म्हणणं इन्स्पेक्शन वगैरे काही नको, गाडी नंबर द्या, पैसे भरा, कव्हर चालू. त्यांच्या फॉर्ममध्ये एकच प्रश्न आहे, गाडीला पूर्वी मोठा अपघात झालाय का. मेव्हणा म्हणतो "नाही"वर टिक कर आणि मोकळा हो, कोण बघायला येतंय. मला ते पटत नाहीये पण खरं सांगितलं तर दारातूनच परत पाठवतील ही पण भीती आहे.

कोणी घेतलीय का अशा गाडीला? नंतर क्लेम करताना काय होतं?

हातोडी_पाना

गॅरेज लाइनमध्ये आहे म्हणून गाडीच्या बाजूने सांगतो, कागदाचं कोणीतरी दुसरं सांगेल.

ठोकलेली आहे एवढ्यावरून सरसकट कोणी नाकारत नाही. दोन प्रकारांना मात्र बहुतेक ठिकाणी दार बंदच असतं, एक म्हणजे इन्शुरन्सने टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशी) ठरवून नंतर कोणीतरी पुन्हा उभी केलेली गाडी, आणि दुसरी पाण्यात बुडालेली. तुमची दोन्हीत बसत नाही. बाकीच्या गाड्यांमध्ये बघणारा माणूस एकच गोष्ट बघतो, मार बोल्टने लागणाऱ्या भागांपुरता राहिला की वेल्डिंगच्या भागापर्यंत गेला. बंपर, बॉनेट, फेंडर, रेडिएटर हे सगळं बोल्ट खोलून बदलता येतं, त्याने गाडीला काही होत नाही. पण फेंडरच्या आतला ऍप्रन (चाकावरचा पत्रा), चॅसिसची पुढची दांडी, सस्पेन्शनचा टॉवर हे बॉडीला वेल्ड असतात, ते मुडपले की ओढून सरळ करतात किंवा कापून नवीन लावतात, आणि तिथे काम कसं झालंय यावर सगळं आलं.

तुमच्या यादीत मला एकच गोष्ट खटकली, लोअर आर्म. लोअर आर्म बदललाय म्हणजे मार नुसता पत्र्याला नाही, चाकाला बसलाय. चाक मागे ढकललं गेलं की तो धक्का ड्राइव्ह शाफ्टमधून सरळ गिअरबॉक्सच्या आत जातो, तिथलं बेअरिंग आणि ऑइल सील दुखावतं, आणि हे लगेच दिसत नाही, पुढे कधीतरी सील पाझरायला लागतं किंवा वळणावर गुंजल्यासारखा आवाज सुरू होतो. आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स डाव्या बाजूलाच असतो. त्यात रेडिएटरही बदललाय, आणि बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं तेल थंड करायचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच किंवा त्याच्या पुढ्यात बसवलेला असतो. म्हणजे ज्या गिअरबॉक्ससाठी तुम्ही वॉरंटी घेताय, मार नेमका त्याच्या शेजारीच बसलाय. हे लक्षात ठेवून पुढचं ठरवा.

एक करा, सर्व्हिस सेंटरच्या इन्स्पेक्शनच्या आधी स्वतः अलाइनमेंट करून घ्या आणि प्रिंट मागा. नुसता टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) बघू नका, तो कोणीही जुळवून देतो. कॅम्बर (चाक उभ्यात किती कललंय) आणि एसएआय (स्टिअरिंग वळवताना चाक ज्या अक्षाभोवती फिरतं त्याचा कल) हे दोन आकडे डाव्या-उजव्या बाजूचे शेजारी शेजारी ठेवून बघा. एसएआय ऍडजस्ट करायची सोय बहुतेक गाड्यांत नसतेच, त्यामुळे दोन्हीकडे ठळक फरक असेल तर खाली काहीतरी वाकलेलं आहे, स्ट्रट म्हणा, नकल म्हणा, सबफ्रेम म्हणा. गाडी सरळ चालते हा काही पुरावा नाही, वाकलेली गाडी पण सरळ चालवता येते, टायर खातो फक्त.

पेट्रोल_पंप्या

अरे एवढं कशाला. स्कॅनर लावून बिघाडाचे सगळे कोड उडवा, गाडी धुवून नेऊन उभी करा, ऍडव्हायझर पाच मिनिटं बघणार आणि सही करणार. सगळे असंच करतात.

हातोडी_पाना

@पेट्रोल_पंप्या, करून बघा. कोड उडवले की गाडीचे स्वतःच्या तपासणीचे मॉनिटर पण शून्यावर जातात, कॅटॅलिस्टचा, ऑक्सिजन सेन्सरचा वगैरे. पुन्हा "रेडी" दाखवायला गाडी थंड-गरम, हळू-वेगात अशी बऱ्यापैकी फिरवावी लागते. इन्स्पेक्शनवाल्याने स्कॅनर लावल्यावर निम्मे मॉनिटर नॉट रेडी दिसले की त्याला कळतं कालच कोणीतरी हात फिरवलाय, आणि मग तो जे बघणार नव्हता ते पण बघतो. आणि एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये धडकेची नोंद असेल तर ती साध्या स्कॅनरने जात नाही.

एअरबॅगवरून आठवलं. निळी_हॅचबॅक, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि थोड्या सेकंदांत विझतो, बरोबर? लागतच नसेल तर गडबड. "उघडल्या नव्हत्या" हे विकणाऱ्याचं म्हणणं झालं. उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नवीन न टाकता नुसता रेझिस्टर जोडून कंट्रोलरला फसवणारे महाभाग आहेत, तेव्हा दिवा बरोबर वागतो पण आत काहीच नसतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी तळाशी पट्ट्यावर एक लेबल असतं, त्यावर उत्पादनाची तारीख असते. ती गाडीच्या उत्पादनाच्या नंतरची निघाली तर बेल्ट बदललाय, आणि बेल्ट उगाच कोणी बदलत नाही, धडकेत प्रीटेन्शनर (बेल्ट झटक्यात आवळणारा भाग) उडाला की बदलावाच लागतो. हेडलाइट आणि काचांवर पण तारखेचे कोड असतात, बिलाशी ताडून बघा.

क्लेम_टेबल

मी क्लेमच्या बाजूला काम करते, वॉरंटीचे क्लेम मंजूर-नामंजूर करायच्या टेबलावर. कंपनीचं नाव घेणार नाही, पण सगळीकडे पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच आहे म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, तुमच्या मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका. "कोण बघायला येतंय" हे पैसे भरताना खरं आहे. तेव्हा खरंच कोणी येत नाही, कारण आत्ता बघण्यात कंपनीचा फायदा काहीच नाही, उलट खर्च. बघतात क्लेम आल्यावर. छोटा क्लेम असेल, म्हणजे पॉवर विंडोची मोटर वगैरे, तर फारसं कोणी खोदत नाही. गिअरबॉक्सचा क्लेम आला की तपासनीस जातो, फोटो काढतो, चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची सगळी जुनी जॉब कार्डं मागवतो. तुमचं रिपेअर अधिकृत ठिकाणीच झालंय ना, मग ते सिस्टिममध्ये तारीख आणि किलोमीटरसकट बसलेलंच आहे. तुम्ही फॉर्मवर नाही म्हटलंय आणि जॉब कार्डवर लोअर आर्म आणि रेडिएटर दिसतोय, एवढं पुरतं. मग नुसता तो क्लेम जात नाही, महत्त्वाची माहिती लपवली म्हणून आख्खा करारच रद्द करायचा मार्ग मोकळा होतो, मग एसीचा कॉम्प्रेसर गेला तरी काही नाही.

आणि खरं सांगितलं की नाकारतात हे पण तितकंसं खरं नाही. बहुतेक वेळा तीनपैकी एक होतं. एक, इन्स्पेक्शन करून जशीच्या तशी घेतात. दोन, काही भाग वगळून घेतात, तुमच्या केसमध्ये डाव्या बाजूचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, कूलिंग असं काहीतरी वगळतील. तीन, नाही म्हणतात. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारात लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण वगळलेलं काय आहे ते कोणी वाचत नाही, सर्टिफिकेटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात गिअरबॉक्स, इंजिन, इलेक्ट्रिकल लिहिलेलं बघतात आणि खुश होतात.

आता क्लेम नेमका कुठे अडतो ते सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. एक्सटेंडेड वॉरंटी ही अपघाताची भरपाई देत नाही, ते इन्शुरन्सचं काम. वॉरंटी फक्त एवढंच म्हणते की भाग आपणहून बिघडला, वापरात झिजून नाही, बाहेरून काही लागून नाही, आणि करार सुरू व्हायच्या आधीपासून बिघडलेला नव्हता, तर आम्ही देऊ. ठोकलेल्या गाडीत यातल्या दोन गोष्टींवर वाद होतो, "बाहेरून लागून" आणि "आधीपासून". हातोडी_पाना यांनी लिहिलंय तसं गिअरबॉक्सचं सील पाझरायला लागलं, तुम्ही म्हणणार आपोआप गेलं, तपासनीस म्हणणार जुन्या धडकेचा परिणाम. दोघांकडेही पक्का पुरावा नसतो. अशा वेळी कागद ज्याच्याकडे, त्याची बाजू वर.

म्हणून इन्स्पेक्शन नको म्हणणारी कंपनी ही सोय नाहीये, ती तुमची अडचण आहे. इन्स्पेक्शन झालं की कागदावर येतं, अमुक तारखेला अमुक किलोमीटरला गिअरबॉक्स कोरडा, आवाज नाही, कोड नाही, गिअर बदलताना झटका नाही. त्यानंतर "आधीपासूनच होतं" म्हणायला कंपनीला तोंड राहत नाही, त्यांच्याच माणसाने सही केलेली असते. इन्स्पेक्शनच नसेल तर ती रेघ कुठेच ओढलेली नाही, आणि मग वाद घालायला मैदान मोकळं.

रोख_पैसा

नेहमीप्रमाणे मी विरोधात.

घेऊच नका. साधा हिशोब आहे, वॉरंटी विकणारा धर्मादाय संस्था चालवत नाही, सगळ्या गाड्यांचे क्लेम, विकणाऱ्याचं कमिशन आणि स्वतःचा नफा मिळून जेवढं होतं तेवढं तो हप्त्यात घालतो, म्हणजे सरासरी गाडीवाल्याला जेवढे भरले त्यापेक्षा कमीच परत मिळतात. आणि तुमची गाडी तर सरासरीपेक्षा वाईट स्थितीत उभी आहे कारण त्याच पैशात तुम्हाला भाग वगळून मिळणार आणि जे वगळलं नाही त्यावर भांडण होणार. त्यापेक्षा तेवढेच पैसे वेगळ्या खात्यात टाका, गाडीला हात लावायची वेळ आली की त्यातून काढा, नाही आली तर तुमचेच.

अवांतर : "कव्हर आजपासून चालू" म्हणणाऱ्यांच्या करारात बहुतेक वेळा वेटिंग पिरियड असतो, सुरुवातीचे काही आठवडे आणि काही किलोमीटर क्लेम करता येत नाही, ते फोनवर कोणी सांगत नाही.

क्लेम_टेबल

@रोख_पैसा, साध्या मॅन्युअल पेट्रोल गाडीसाठी तुमच्याशी सहमत आहे, माझ्या स्वतःच्या गाडीला मी घेतलेली नाही. पण सरासरीचा हिशोब ज्याच्याकडे मोठा फटका सोसायची ताकद आहे त्याच्यासाठी बरोबर. ऑटोमॅटिक, टर्बो डिझेल, हायब्रिड, यात बिघाड क्वचित होतो पण झाला की एकदम गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा जातो, खात्यात तेवढे साठायच्या आतच झाला तर काय. वेटिंग पिरियडचं बरोबर आहे, विचारून घ्यायला हवं.

रोख_पैसा

ठीक आहे, गिअरबॉक्स कव्हर होत असेल तर घ्या. तो वगळणार असतील तर मग कशासाठी घेताय? पॉवर विंडोसाठी?

भिजलेली_सीट

ठोकलेल्यापेक्षा पाण्यातल्या गाडीचं वाईट. मी घेतली होती जुनी, बाहेरून चकाचक, एक्सटेंडेड वॉरंटी पण सोबत दिलेली विकणाऱ्या डीलरने. काही महिन्यांत आज हॉर्न बंद, उद्या सेन्सर, परवा सेंट्रल लॉक. क्लेम टाकला, तपासनीसाने पुढची सीट रुळावरून काढली आणि कार्पेटची कड उचलून मला बोलावलं. सीटच्या रुळात वाळलेला बारीक गाळ आणि खालच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पिना हिरव्या पडलेल्या. तांब्याला गंज चढला की असाच रंग येतो म्हणाला. क्लेम तिथेच संपला. डीलर म्हणाला आम्हाला माहितीच नव्हतं.

तर ज्यांना जुनी घ्यायचीय त्यांनी वॉरंटी सोबत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका एवढंच. वॉरंटीचं सर्टिफिकेट म्हणजे गाडी तपासल्याचं सर्टिफिकेट नव्हे.

हातोडी_पाना

+१. आणि पाणी इंजिनात गेलं असेल तर अजून वेगळंच. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी चालते पण, कित्येक महिने चालते, आणि एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर. तेव्हा मालक म्हणतो आपोआप झालं.

चार्जिंग_पॉइंट

मधेच विचारतो, इलेक्ट्रिकला पण हेच लागू का? खालून दगड लागून बॅटरीच्या कव्हरला पोचा आलाय, जुन्या मालकाने काही केलेलं नाही.

क्लेम_टेबल

@चार्जिंग_पॉइंट, बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या वेगळीच देतात, ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसेल, पण ती बॅटरीच्या आतल्या दोषासाठी आणि क्षमता ठरलेल्या टक्क्याच्या खाली गेली तर. बाहेरून लागलेला मार त्यात नसतो. पोचा असलेल्या पॅकला कोणी एक्सटेंडेड द्यायच्या आधी पॅक उतरवून बघायला सांगेल. तुम्ही आधी इन्शुरन्सवाल्यांना विचारा, वॉरंटीवाल्यांना नंतर, आणि पॅक दाखवून घ्या कारण हा पैशाआधी सुरक्षेचा प्रश्न आहे. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न हरवेल.

निळी_हॅचबॅक

सगळ्यांना धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

सीटबेल्टचं लेबल बघितलं, तारीख गाडीच्या आधीची आहे, म्हणजे मूळचाच. एअरबॅगचा दिवा लागून विझतो. अलाइनमेंट केली, एसएआयमध्ये दोन्ही बाजूंना किरकोळ फरक आहे, अलाइनमेंटवाला म्हणाला कंपनीच्या मर्यादेत बसतो, प्रिंट घेतलीय. मग गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, जुन्या अपघाताचं बिल आपणहून पुढे ठेवलं, त्यावर ऍडव्हायझर जरा चपापलाच, म्हणाला लोक सहसा हे दाखवत नाहीत. लिफ्टवर घेऊन बघितली, स्कॅन केला. आता त्यांचं म्हणणं, वॉरंटी देऊ पण डाव्या पुढच्या सस्पेन्शनचे भाग आणि रेडिएटर-कंडेन्सर वगळून. गिअरबॉक्स आत आहे. पण अटींमध्ये एक ओळ आहे, "पूर्वीच्या अपघातामुळे थेट किंवा अप्रत्यक्षपणे उद्भवलेला कोणताही बिघाड समाविष्ट नाही". म्हणजे फिरून तिथेच आलो ना?

आणि बाहेरच्या कंपनीला ईमेल करून विचारलं की जुना अपघात आहे, बिल जोडतोय, गिअरबॉक्स कव्हर होईल का ते लेखी कळवा. तेव्हापासून त्यांचे फोन बंद झालेत.

रोख_पैसा

फोन बंद झाले हा फायदा धरा.

क्लेम_टेबल

ती ओळ जवळपास सगळ्या करारांत असते, ती काढून मिळणार नाही, त्यावर भांडू नका. तुम्ही फक्त ती आवळून घ्यायची आहे. इन्स्पेक्शन रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत मागा, जॉब कार्ड नाही, रिपोर्ट. त्यात गिअरबॉक्सबद्दल "ओके" एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. गिअरबॉक्सच्या दोन्ही शाफ्टची सीलं कोरडी, माउंटिंग शाबूत, केसिंगला तडा नाही, तेलाची पातळी आणि रंग ठीक, ट्रान्समिशन कंट्रोलरमध्ये कोड नाही, आणि टेस्ट ड्राइव्हचा शेरा, असं भाग घेऊन घेऊन लिहून हवं. मग एक ईमेल टाका वॉरंटी देणाऱ्यांना, सर्व्हिस सेंटरला नाही, कारण सर्व्हिस सेंटर फक्त विकतं, क्लेम मंजूर करणारे वेगळे असतात, करारावर ज्यांचं नाव आहे ते. ईमेलमध्ये अपघाताचं बिल, अलाइनमेंटची प्रिंट, रिपोर्ट सगळं जोडा आणि लिहा की ही माहिती बघून आपण गिअरबॉक्स समाविष्ट करत आहात याची पोच द्यावी. पोच आली की पैसे भरा. आली नाही तर रोख_पैसा यांचं ऐका.

अजून दोन-तीन गोष्टी बघून घ्या कारण क्लेम जुन्या अपघातावर कमी आणि यांच्यावर जास्त पडतात. एका क्लेमची आणि सगळे मिळून किती अशी दोन्ही मर्यादा बघा, काही करारांत एकूण मर्यादा गिअरबॉक्सच्या निम्म्या खर्चालाही पुरत नाही. बिघाड शोधण्यासाठी गिअरबॉक्स खोलायची मजुरी कोणाकडे, ते विचारा, क्लेम नामंजूर झाला तर ती सहसा गाडीमालकाच्या गळ्यात पडते. आणि काही झालं तरी मंजुरीच्या आधी कोणालाही खोलू देऊ नका, ओळखीच्या मेकॅनिकलाही नाही. खोललेला गिअरबॉक्स घेऊन आलेल्या माणसाला आम्ही काही करू शकत नाही, आत काय होतं याचा पुरावाच गेलेला असतो. (हातोडी_पाना, राग मानू नका.)

हातोडी_पाना

राग कसला, आमच्याकडे पण लोक अर्धं खोललेलंच घेऊन येतात.

एक भर घालतो. तापमानाचा काटा वर गेला किंवा दिवा लागला की गाडी तिथेच बंद करायची, "घर जवळच आहे" करायचं नाही. तुमचं कूलिंग वगळलेलं आहे, उद्या रेडिएटर गळून इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट गेलं, तर गॅस्केट कव्हरमध्ये असूनही ते म्हणणार वगळलेल्या भागामुळे झालं, वर दिवा लागलेला असताना चालवली. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना बघायची सवय लावा, आणि रेडिएटर कंपनीचाच टाकलाय का ते बिलावरच्या पार्ट नंबरवरून बघा.

क्लेम_टेबल

हो, हा मुद्दा मी विसरले होते, साखळीने जाणारं नुकसान. वगळलेल्या भागामुळे कव्हरमधला भाग गेला तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. उलट दिशेला, कव्हरमधल्या भागामुळे दुसरं काही गेलं तर ते देतात की नाही हे करारागणिक बदलतं.

निळी_हॅचबॅक

पोच आली! वॉरंटीवाल्यांनी दोन ओळींचं उत्तर दिलंय, जोडलेली कागदपत्रं पाहिली, रिपोर्टच्या तारखेला ट्रान्समिशनमध्ये दोष नाही, अटींच्या अधीन राहून समाविष्ट. "अटींच्या अधीन" बघून थोडं हसू आलं पण घेतोय. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

एकच शेवटचं. कंपनीच्या पुस्तकात या गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" लिहिलंय, बदलायची गरज नाही असं. बदलू का नको? बदललं तर वॉरंटीला काही अडचण?

क्लेम_टेबल

पुस्तकात आहे तेवढं करणं बंधनकारक, त्याहून जास्त केलं तर अडचण नाही, फक्त अधिकृत ठिकाणी करा आणि बिलावर तेलाचा ग्रेड लिहून घ्या. चुकीचं तेल घातलं तर मात्र क्लेम संपला. आणि सर्व्हिसच्या तारखा चुकवू नका, किलोमीटर झाले नसले तरी महिने झाले की जायचं, दोन्हीपैकी जे आधी होईल ते.

हातोडी_पाना

बदला. लाइफटाइम म्हणजे कोणाच्या लाइफचा टाइम ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. या गाडीच्या बाबतीत तर मुद्दाम बदला कारण जुनं तेल बघायला मिळेल. खाली पांढरा डबा ठेवायला सांगा आणि समोर उभे राहा. तेल काळपट लाल किंवा तपकिरी असेल तर चालतं, वयाप्रमाणे होतं. दुधासारखं गुलाबी दिसलं तर कूलरमधून कूलंट मिसळतंय, तेव्हा लगेच थांबा आणि फोटो काढून आधी वॉरंटीवाल्यांना कळवा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी पेस्टसारखा थर असतोच, त्याला घाबरू नका, पण बोटाला टोचतील असे धातूचे कपचे निघाले तर तेल भरून गाडी बाहेर काढू नका, तिथेच ठेवा आणि क्लेम टाका. आणि हे सगळं वेटिंग पिरियड संपल्यावर करा, आधी नाही.